छाटणीचं वय

सिकंदराबादेत तारनाक्याच्या बाजूला, लालागुड्यात, भारतीय रेल्वेची एक प्रशिक्षण संस्था आहे. सिग्नल आणि दूरसंचार विभागातल्या अभियंत्यांना शिकवण्यासाठी ती १९५७ साली सुरू झाली. रेल्वेतली माणसं तिला ‘इरिसेट’ म्हणतात. तिथल्या बॅडमिंटन कोर्टवर मेहबूब अली यांच्या हाताखाली एका मुलीने खेळाचे पहिले धडे गिरवले. आईवडील दोघंही रेल्वेत नोकरीला, दोघंही व्हॉलीबॉलपटू, वडील पी. व्ही. रमणा १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. मुलीने मात्र आठव्या वर्षी बॅडमिंटन निवडलं. पुढे ती गचिबावलीच्या पुल्लेला गोपीचंद अकादमीत जाऊ लागली. घर ते सराव आणि परत, असा रोजचा ५६ किलोमीटरचा प्रवास करून ती वेळेवर हजर असते, याची तेव्हाच्या वर्तमानपत्रांनीही नोंद घेतली होती. सप्टेंबर २०१२मध्ये, सतराव्या वर्षी, पी. व्ही. सिंधू जागतिक क्रमवारीत पहिल्या वीस जणींत आली. त्याच महिन्यात चीनमध्ये तिने लंडन ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती ली श्वेरुई हिला हरवलं.

आठ ते सतरा ही वर्षं इथे महत्त्वाची आहेत. या काळात सिंधूच्या मेंदूची चित्रं कुणी काढली नाहीत. पण या वयात साऱ्याच मुलांच्या मेंदूत काय घडतं, हे गेल्या पन्नासेक वर्षांत बऱ्यापैकी उलगडलं आहे, आणि ते आपल्या घराघरांतल्या समजुतीच्या जवळजवळ उलट आहे. मूल वाढतं तसा त्याचा मेंदू भरत जातो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सहाव्या वर्षीच मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या सुमारे ९५ टक्के झालेला असतो. त्यानंतरची मोठी कामं दोन. जे वापरात नाही ते काढून टाकणं आणि जे वापरात आहे ते वेगवान करणं.

पहिल्या कामाचा पुरावा शिकागो विद्यापीठात पीटर हटनलॉकर यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. नवजात बाळापासून नव्वदीच्या वृद्धापर्यंत, मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे नमुने घेऊन ते चेतापेशींमधले सांधे, म्हणजे सिनॅप्स, अक्षरशः मोजत बसले. १९७९मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. मेंदूच्या पुढच्या भागात सांध्यांची दाटी एक-दोन वर्षांच्या बाळात सर्वाधिक, प्रौढांपेक्षा सुमारे दीडपट. मग ती उतरत जाते आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास प्रौढांच्या पातळीला येते. वय वाढतंय, समज वाढतेय आणि सांधे मात्र घटताहेत.

द्राक्षबागायतदाराला यात नवल वाटणार नाही. नाशिक-सांगलीकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी चुकली तर वेल नुसता पाल्याने माजतो, घड धरत नाही. खुद्द हैदराबाद परिसर एके काळी अनाबेशाही द्राक्षांसाठी नावाजलेला होता, तिथल्या जुन्या लोकांनाही हे सांगायला नको. फरक एवढाच की बागेत कोणती काडी ठेवायची हे माळी ठरवतो. मेंदूत ते वापर ठरवतो. ज्या सांध्यांवरून संदेश पुन्हा पुन्हा जातात ते बळकट होतात, जे पडून राहतात ते मेंदूतल्याच सूक्ष्मश्लेषी पेशी गिळून टाकतात.

याने काय साधतं? इंधन वाचतं. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण विसाव्याच्या स्थितीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. १९८७मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी चुगानी आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनच्या साह्याने मुलांचा मेंदू किती ग्लुकोज जाळतो ते मोजलं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा खप प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. नऊ-दहाव्या वर्षापर्यंत तो तसाच चढा राहतो, मग उतरू लागतो आणि सोळा ते अठराच्या दरम्यान प्रौढांच्या पातळीवर स्थिरावतो. सांध्यांची घट आणि इंधनाची घट या दोन वेगळ्या मोजमापांची वर्षं इतकी जुळावीत, हे मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत देखणं दृश्य वाटतं. बारावीतला मुलगा चौथीतल्या भावापेक्षा कितीतरी अवघड गणित सोडवतो, आणि ते कमी खर्चात.

हे बदल जिवंत मुलांमध्ये पाहायचे तर एमआरआय यंत्राची वाट पाहावी लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड यांनी एकाच मुलाची ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा चित्रं घेण्याचं चिकाटीचं काम उभं केलं. त्या गटातून २००४ साली आलेल्या निबंधाचे पहिले लेखक नितीन गोगटे. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे. तेरा मुलं, प्रत्येकाची दर दोन वर्षांनी चित्रं, तीही आठ-दहा वर्षं. ही चित्रं सलग जोडून त्यांनी चार ते एकवीस या वयाचा एक छोटा चलत्पट केला. करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशी आणि त्यांचे सांधे असलेला थर, जसजसं कमी होतं तसतसा मेंदूचा पृष्ठभाग लाल-पिवळ्याकडून निळ्या-जांभळ्याकडे सरकतो. हालचाल आणि स्पर्श यांचे भाग लवकर निळे होतात, भाषा आणि दिशाभान यांचे त्यामागून. बेत आखणं, मोह आवरणं, परिणामांचा अंदाज घेणं ही कामं करणारा पुढचा भाग अगदी उशिरा. खेळाडूचा हात-डोळा बारा-तेराव्या वर्षी तयार दिसतो आणि हरल्यावरचा संयम यायला विशी उजाडते, त्याचं एक कारण या क्रमात आहे.

एमआरआयला सांधे दिसत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. चित्रात करडा थर पातळ झालेला दिसतो, तो सगळाच छाटणीमुळे नसतो. स्टॅनफर्डमध्ये कॅलनीट ग्रिल-स्पेक्टर यांच्या प्रयोगशाळेने २०१९मध्ये दाखवलं की दृष्टीशी संबंधित काही भागांत थर खरोखर पातळ होत नाही. आतल्या तंतूंवर मायलिन चढल्यामुळे तो पातळ दिसतो.

मायलिन म्हणजे दुसरं काम. चेतापेशीच्या लांब तंतूभोवती चरबीयुक्त आवरणाचे वेढे बसतात. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला एक-दोन मीटर जातो. जाड आवरणाच्या तंतूतून शंभर मीटरपर्यंत. आवरणामुळे वेग वाढतोच, शिवाय वेळ जुळते: दूरदूरच्या भागांतून निघालेले संदेश एकाच क्षणी पोहोचू शकतात. समोरून स्मॅश आला की शटल परतवायला अर्धा सेकंदही हाती नसतो. त्यात डोळ्याने पाहायचं, दिशा ओळखायची, पाय हलवायचे, मनगट वळवायचं. हे वेळ जुळवल्याशिवाय जमत नाही, आणि वेळ जुळते ती सरावाने. स्वीडनमध्ये २००५ साली व्यावसायिक पियानोवादकांच्या मेंदूचा अभ्यास झाला. बालपणी, किशोरवयात आणि प्रौढपणी प्रत्येकाने किती तास सराव केला होता त्याचा पांढऱ्या द्रव्याच्या, म्हणजे अशा आवरण चढलेल्या तंतूंच्या, जडणघडणीशी मेळ बसला, आणि प्रत्येक वयातल्या सरावाचा संबंध तंतूंच्या वेगवेगळ्या जुडग्यांशी निघाला. म्हणजे सराव कधीही फुकट जात नाही, पण कोणत्या वयात केला यालाही अर्थ आहे.

सिकंदराबादचंच आणखी एक उदाहरण देतो. तिरुमलगिरीत जन्मलेल्या श्याम बेनेगल यांनी बाराव्या वर्षी छायाचित्रकार वडिलांच्या कॅमेऱ्यावर आपला पहिला चित्रपट केला. त्या वयात हाती काय पडतं याला एवढं मोल का, याचं थोडं उत्तर वरच्या परिच्छेदांत आहे.

हे काम संपतं कधी? पंचविसाव्या वर्षी मेंदू ‘पूर्ण’ होतो, हे वाक्य आता समाजमाध्यमांवर फिरत असतं. त्याला भक्कम आधार नाही. अनेक जुन्या अभ्यासांतले सहभागीच विशीच्या आसपासचे होते, त्यापुढे पाहिलं गेलं नव्हतं. केंब्रिजच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५मध्ये बाळांपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे ३,८०० माणसांच्या मेंदूतल्या तंतुजाळ्याचा नकाशा तपासला. त्यांना चार वळणं दिसली: नऊ, बत्तीस, सहासष्ट आणि त्र्याऐंशी. नऊ ते बत्तीस या टप्प्यात मेंदूच्या कोणत्याही दोन भागांमधला मार्ग सरासरीने आखूड होत जातो, जाळं अधिक कार्यक्षम होतं. असं घडणारा हा आयुष्यातला एकमेव टप्पा. हे आकडे सरासरीचे आहेत. तीस वर्षांचा माणूस पोरकट असतो असा त्यांचा अर्थ कुणी काढू नये, संशोधकांनीही तसं बजावलं आहे. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की दहावीच्या निकालावर कुणाच्याही बुद्धीचा कायमचा हिशेब मांडणं हे मेंदूच्या घडणीशी विसंगत आहे.

हैदराबाद-सिकंदराबादेतल्या मराठी घरांसाठी भाषेचा मुद्दा जवळचा आहे. आईशी मराठी, दुकानात तेलुगू, रिक्षावाल्याशी दख्खनी, शाळेत इंग्रजी, असं मूल इथे सर्रास दिसतं. ‘एवढ्या भाषांनी गोंधळ उडेल, एकच धरा’ असा सल्ला आजही दिला जातो. तो चुकीचा आहे. २०१८मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांनी सोडवलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवरून काढलेला निष्कर्ष असा, की नव्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साडेसतराव्या वर्षाच्या थोडं आधीपर्यंत जवळजवळ शाबूत राहते. नेमक्या वयाबद्दल पुढे वाद झाला. पण भाषा शिकण्याचं दार पाचव्या-सहाव्या वर्षी बंद होतं ही समजूत टिकत नाही. आणि या बहुभाषी सवयीचं फळ कधी दिसतं? उतारवयात. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. निबंध २०१३मध्ये आला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती, निरक्षर माणसांमध्येसुद्धा. आठवीतल्या नातवाने मराठी वाचायचा कंटाळा केला, तर आजीने धीर सोडू नये.

आता अवघड बाजू. आनंद, बक्षीस, मित्रांची वाहवा यांना दाद देणारे मेंदूचे खोलवरचे भाग किशोरवयात तेजीत असतात, आणि लगाम धरणारा पुढचा भाग अजून घडत असतो. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक साधा प्रयोग केला. संगणकावरच्या खेळात गाडी हाकायची, पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे जायचं ते ठरवायचं. एकटे असताना तेरा ते सोळा वयाची मुलं प्रौढांहून फारशी वेगळी वागली नाहीत. दोस्त शेजारी बसून पाहू लागले की त्यांनी घेतलेली जोखीम जवळजवळ दुप्पट झाली. चोविशीपुढच्यांना सोबतीने काही फरक पडला नाही. म्हणून ‘त्याला कळत नाही का?’ हा रागावलेल्या बापाचा प्रश्नच चुकतो. त्याला कळतं; मित्र मागच्या सीटवर बसला की कळलेलं मागे पडतं. गिअरच्या दुचाकीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा मेंदूशास्त्राशी सुसंगत आहे. हैदराबादच्या टँक बंडवर रात्री तिघांनी एका गाडीवरून फिरणं हे धाडस वाटत असेल, पण त्याची किंमत न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात मोजली जाते.

एवढी मोठी पुनर्बांधणी चालू असताना काही बिघाडही याच काळात वर येतात. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, तीन चतुर्थांश चोविसाव्यापर्यंत. स्किझोफ्रेनियाचा संबंध अतिरिक्त छाटणीशी असावा, असं अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२मध्येच सुचवलं होतं. २०१६मध्ये ‘सी-फोर’ नावाच्या जनुकाने त्या तर्काला बळ दिलं. मूल अचानक मित्र तोडू लागलं, आठवडेच्या आठवडे गप्प राहिलं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

ज्यांची वाढ वेगळ्या गतीने होते त्यांनाही किशोरवय येतं, हे आपण हमखास विसरतो. सिकंदराबादमध्येच, बोवेनपल्लीजवळच्या मनोविकास नगरात, बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी १९८४पासून राष्ट्रीय संस्था आहे. अशा मुलांच्या मेंदूतही सरावाने बदल होत राहतात. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा डबा भरायला, बसचं तिकीट काढायला, एखादं काम हाताने करायला शिकवणं हे त्याचा वेळ घालवणं नव्हे. त्याचा मेंदू ज्या काळात घडतोय त्या काळाचा तो योग्य उपयोग आहे.

भारतीय मुलांबद्दलची माहिती उशिरा जमू लागली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. आपल्या मेंदूंची सरासरी मापं पाश्चात्त्य नमुन्याहून लहान असतात, म्हणून परदेशी मापाने आपले आजार तपासताना फसगत होऊ शकते. पण ती माणसं विशीतली होती. मुलांसाठी बंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने ‘सीवेदा’ हा भारत-ब्रिटन प्रकल्प उभा राहिला, सहा ते तेवीस वयाच्या हजारो जणांचा. त्याचं एक केंद्र आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत आहे. त्यातून २०२३मध्ये आलेली एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे: शरीरात थोड्या प्रमाणात का होईना आर्सेनिक गेलेल्या मुलांमध्ये काही भागांतलं करडं द्रव्य कमी आढळलं आणि लक्ष एकाग्र ठेवण्याची, कामावर ताबा ठेवण्याची क्षमताही क्षीण होती. २०११च्या जनगणनेनुसार देशात दहा ते एकोणीस वयाची सुमारे २५ कोटी मुलं होती. आर्सेनिक पाण्यातूनही शरीरात जातं, म्हणून त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न हा त्यांच्या बुद्धीचाही प्रश्न आहे.

आणि झोपेचा. तेलंगणात अकरावी-बारावीला ‘इंटर’ म्हणतात. दहावीचा निकाल लागला की घरात एकच चर्चा सुरू होते: एमपीसी (गणिताचा गट) की बायपीसी (जीवशास्त्राचा गट)? मग निवासी ज्युनिअर कॉलेज, पहाटे उठवणं, रात्री उशिरापर्यंत ‘स्टडी अवर्स’. मुलं हे सोसतात, काही मुलं सोसूही शकत नाहीत. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी दाखवून दिलं आहे की वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. झोपेची गरज मात्र आठ ते दहा तास राहतेच. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचा मोठा भाग झोपेतच घडतो. म्हणजे झोप तोडून मिळवलेले अभ्यासाचे दोन तास आधीच्या दहा तासांचं शिकलेलं कच्चं ठेवतात. ‘शाळा उशिरा भरवली तर पोरं आणखी उशिरा झोपतील’ हा आक्षेप सिएटलमध्ये तपासला गेला आहे. २०१६मध्ये तिथल्या हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली; मुलांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढली.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत न भरवण्याचा निर्णय घेतला, तो झोपेच्याच कारणासाठी. हेतू चांगला होता. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती मुलं आठवी ते बारावीत बसतात, आणि दोन सत्रांत भरणाऱ्या इमारतीत लहानांचा वर्ग नऊनंतर गेला की सकाळचं सत्र मोठ्यांच्याच वाट्याला येतं. तुम्ही शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, पालक-शिक्षक संघात असाल, तर हा निर्णय आठवी ते बारावीला लागू करण्याची मागणी लावून धरा. आणि सिकंदराबादेत इंटरच्या प्रवेशासाठी रांगेत उभे असाल, तर निकालाचे फलक वाचून झाल्यावर तिथे एक प्रश्न विचारा: मुलांना झोपायला किती तास मिळतात? उत्तर आठपेक्षा कमी आलं, तर पैसे भरू नका.